सारंगखेड्याचा घोडेबाजार: बघायला दहापैकी नऊ, विकत घ्यायला जरा दमानं

खूप वर्षं मनात होतं, शेवटी यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आलो. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं मंदिर आणि त्याची ही यात्रा. रेल्वेने यायचं तर भुसावळ सुरत लाईनवर दोंडाईचाला उतरायचं आणि पुढे गाडी करायची. स्वेटर घ्या बरं का, नदीकाठची पहाटेची थंडी हाडात शिरते आणि खरा बाजार बघायचा तर पहाटेच, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) घोड्यांना खरारा करत असतात, तोंडाला दाण्याचे तोबरे चढवलेले असतात, धूळ अजून उठलेली नसते.

घोडे म्हणाल तर डोळ्याचं पारणं फिटतं. मारवाडी आणि काठियावाडी दोन्हीचे कान आत वळलेले, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो, मीही गोंधळलो. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने समजावलं की नुसते कान बघू नका भाऊ, तोंड बघा, काठियावाडीचं नाकाड मधे खोलगट असतं आणि कपाळ रुंद, मारवाडी उंच आणि लांब तोंडाचा. त्यानंतर दोन तास मी हेच करत फिरलो, घोड्याला बाजूने बघायचं आणि मनात जात ओळखायची, दहात सहा बरोबर आली.

भाव मात्र जातीवर कमी आणि अंगावरच्या खुणांवर जास्त. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा नुकरा, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याण, गळ्यावर देवमण नावाचा केसांचा भोवरा, की आकडा लगेच लाखात. भोवरा चुकीच्या जागी असला तर चांगलं धडधाकट जनावर पडून राहतं, हे मला काही पटत नाही पण बाजार माझ्या मताने चालत नाही.

आता तक्रार. एका तंबूत मला "प्युअर मारवाडी, चार वर्षाची" म्हणून घोडी दाखवली, सोबतच्या मित्राने (तो जनावरांचा डॉक्टर आहे) दात बघितले तर चांगली नऊ दहा वर्षांची निघाली, वर आम्हालाच ऐकवलं की तुम्हाला दात वाचता येत नाहीत. म्हणून सांगतो, खरंच घ्यायची असेल तर माहितगार माणूस सोबत पाहिजेच आणि पळवून, वळवून बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही. पार्किंग म्हणजे नशीब. जेवण मात्र झकास, शेवभाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, तर्री सांभाळून घ्या.

एक गोष्ट खटकली. मी फलटणकडचा, सगळीकडे विचारत फिरलो की आपला भीमथडी जातीचा घोडा कुठे आहे? एकाने हसून विचारलं, तट्टू पाहिजे का? अहो, भीमा खोऱ्यातल्या तट्टांवर अरबी, तुर्की रक्त चढून हा भीमथडी म्हणजे दख्खनी घोडा झाला, मराठ्यांची फौज त्याच्या पाठीवर मुलूख तुडवत गेली, बुटका पण काटक, घाट चढणारा आणि मिळेल त्यावर पोट भरणारा. आता कुठे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलीय, मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी यांच्या रांगेत. आणि महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या घोडेबाजारात मला त्याचा साधा एक खुंटा दिसला नाही! आयोजकांनी ढोलताशाचा आणि घोडे नाचवायचा आवाज थोडा कमी करून एक कोपरा या जातीला द्यावा एवढंच म्हणणं आहे.

परत येताना फलटणच्या अलीकडे रस्त्याला मेंढरांचा वाडा चालला होता, मागे दोन तट्टं, पाठीवर भांडी, मेंढरं कोंडायच्या जाळ्या म्हणजे वाघरी, गोधड्या आणि त्या सगळ्यावर बांधून ठेवलेली दोन कोकरं. गाडी थांबवून धनगरबाबांना विचारलं, मामा, भीमथडी का? ते म्हणाले, "आमी घोडीच म्हंतो."