पद्मिनी की इसुझू ॲम्बॅसिडर? आधी खंबाटकी चढून बघा

माझ्याकडं १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि दाजींकडं १९९६ ची ॲम्बॅसिडर, जपानी इसुझू इंजिनवाली. सातारा-पुणे रस्त्यावर दोन्ही भरपूर चालवल्यात. दाजी हे वाचणार आहेत, तरी लिहितोय.

आधी घाट. पुण्याकडून येताना खंबाटकीचा चढ लागला की पद्मिनीच्या १०८९ सीसीची परीक्षा सुरू होते. ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, त्यात चार माणसं आणि भरलेली डिकी. थर्डवर ती तग धरत नाही, आणि सेकंड टाकायचा तर वेग पडायच्या आधी टाकावा लागतो, नाहीतर मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. उन्हाळ्यात एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर. दाजींच्या गाडीत १८१७ सीसी, पाच गिअर आणि जवळजवळ दुप्पट ताकद. तोच चढ ती गप्पा न थांबवता काढते.

पण हे कौतुक फक्त इसुझूचं. जुन्या १४८९ सीसीच्या इंजिनाची ॲम्बॅसिडर, त्यातही डिझेल, घाटात पद्मिनीच्याही मागं राहील. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून पैसे बोलायच्या आधी बोनेट उघडायला लावा.

गावात मात्र चित्र उलटं. ॲम्बॅसिडर सव्वा फुटानं लांब, अंगानंही आडवी. भाजी मंडईजवळ ती लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. पद्मिनी हलकी, वळते पटकन, समोरचे दोन्ही कोपरे सीटवरून दिसतात. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी हाताला बसली की मजा येते. तिचं दुखणंही तिथंच आहे. लिंकेजचे, म्हणजे दांडी गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतले, बुश झिजले की दांडी ढिली पडते आणि दोन गिअरच्या मध्येच अडकते. मग भर चौकात उतरायचं, बोनेट उघडून लिंकेज हातानं सरळ करायचं, फडक्याला हात पुसायचे आणि कुणाकडं न बघता निघायचं. बुश स्वस्त असतात, वेळेत बदला.

आरामात तुलनाच नाही. ॲम्बॅसिडरच्या मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतात आणि खड्डा कळतो तो ड्रायव्हरला. आमची आई लांबच्या प्रवासाला पद्मिनीचं नावच काढू देत नाही. ॲम्बॅसिडर मागं बसणाऱ्याची गाडी, पद्मिनी चालवणाऱ्याची.

पेट्रोल: पद्मिनी हायवेला बारा-तेरा देते, दाजींची नऊ-दहा. दाजी अकरा सांगतात.

सुट्या भागांचं म्हणाल तर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, तरी मुंबईच्या टॅक्सींमुळं कुर्ल्याच्या बाजारात सगळं मिळायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. आता दारांचे रबर, काचा, दिवे हुडकावे लागतात. ॲम्बॅसिडर बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळं तिचे भाग मिळणं अजून सोपं आहे. १५ वर्षांनंतरचं पासिंग आणि पर्यावरण कर दोघींनाही चुकत नाही.

एकच गाडी ठेवायची आणि घरात म्हातारं माणूस असेल तर इसुझू घ्या. स्वतः चालवायची हौस असेल आणि घर पेठेत असेल तर पद्मिनी. कुठलीही घेतलीत तरी रंगावर भाळू नका. पायाखालचं मॅट उचला आणि पत्रा गंजलाय का ते अंगठ्यानं दाबून बघा. कोकणातली गाडी असेल तर दोनदा दाबा.