आयात कोरल घरी आलं: थेट रीफ टाकीत की आधी क्वारंटाइनमध्ये?

परदेशातून निघालेलं कोरल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचं प्रवाळ, नांदेडला किंवा लातूरला पोचेपर्यंत त्याचं दोनदा तरी पॅकिंग झालेलं असतं. एकदा मुंबई-चेन्नईपर्यंत विमानानं, आणि तिथून ट्रॅव्हल्सनं नाहीतर रेल्वे पार्सलनं पुन्हा एकदा. थर्माकोलचा डबा उघडला की प्रश्न एकच: डिप करून (औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून) आजच मुख्य टाकीत सोडायचं, की वेगळ्या छोट्या टाकीत चार-सहा आठवडे ठेवायचं, म्हणजे क्वारंटाइन करायचं? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "डायरेक टाका सर, काही होत न्हाई." परदेशी व्हिडिओवाल्यांचंही ठरलेलं असतं, क्वारंटाइनशिवाय काहीच टाकू नका. आपला उन्हाळा आणि आपलं पाणी दोघांनीही धरलेलं नसतं.

त्याआधी कायद्याचं बघून घ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली रीफ बांधणारी सगळी कडक कोरलं आली. काळी कोरलं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आले. परदेशी कडक कोरल तर सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. म्हणून इथं जे लिहितोय ते मऊ कोरलांपुरतं आहे: मशरूम, झोआ, लेदर. आयातीचे कागद मागितल्यावर दुकानदार "मागवून देतो" म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

पिशवी उघडण्याची रीत दोन्ही मार्गांत सारखी आहे, आणि चुकते बहुतेकांची तिथेच. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या, म्हणजे कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. त्यामुळे पिशवी उघडून दोन-दोन तास ठिबक लावून (टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं पिशवीत सोडत) बसण्यात अर्थ नाही. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग उघडून आतल्या पाण्याची आणि टाकीची क्षारता (मिठाचं प्रमाण) मोजा. फरक थोडा असेल तर कोरल लगेच बाहेर काढा. फरक मोठा असेल तर अर्धा तास ठिबक पुरे. पिशवीतलं पाणी कुठल्याच टाकीत जाऊ द्यायचं नाही.

आता थेट टाकायचा मार्ग. याची खरी ताकद पाण्याच्या स्थिरतेत आहे. तीनशे लिटरच्या मुरलेल्या टाकीत तापमान, क्षारता, पीएच धरून ठेवणारी अल्कलिनिटी दिवसभरात फारशी हलत नाही आणि थकून आलेल्या कोरलाला तेच हवं असतं. डिपसाठी टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं, आयोडीनचं किंवा तयार डिपचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात टाकायचं आणि बिनसुईच्या सिरिंजनं कोरलावर पाण्याचे फवारे मारायचे. चपटे कृमी, बारके किडे बादलीच्या तळाशी पडताना दिसतात. हे बघून माणूस खूश होतो आणि गफलत इथंच होते. डिपनं हिंडते किडे मरतात, अंडी मरत नाहीत.

झोआ खाणारी समुद्री गोगलगाय एकदा भिंगाखाली बघाच. ज्या पॉलिपवर (कोरलाच्या एकेका फुलासारख्या जिवावर) ती चरते त्याचाच रंग अंगावर घेते, पाठीवरचे बारीक उंचवटे थेट पॉलिपच्या झालरीसारखे, त्यामुळे मिटलेला पॉलिप समजून नजर पुढं सरकते. अंडी देठाला चिकटलेली असतात, पांढुरक्या वेटोळ्यासारखी. मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरपा मारला तर दिसतात, वरून मारला तर नाही. ती मऊ टूथब्रशनं किंवा ब्लेडच्या टोकानं खरवडूनच काढावी लागतात. आयप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचंही तसंच, तो डिपला जुमानत नाही. म्हणून थेट टाकणार असाल तर जुना प्लग (कोरल चिकटवलेली छोटी बैठक) फेकून द्या आणि कोरल नव्या प्लगवर जेलवाल्या सुपरग्लूनं चिकटवा. बरीचशी अंडी, बबल अल्गी हे बुडबुड्यांसारखं शैवाल आणि आयप्टेशियाची पिल्लं त्या जुन्या प्लगवरच असतात.

झोआ खरवडताना हातमोजे आणि चष्मा हवाच, यात चालढकल नको. झोआ आणि पॅलिथोआ यांच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरी विष असतं. जखमेतून, डोळ्यातून, वाफेतून ते बाधतं. असा दगड गरम पाण्यात घालायचा नाही, उकळायचा तर अजिबातच नाही, आणि स्वयंपाकघरातलं भांडं डिपसाठी वापरायचं नाही.

क्वारंटाइनची बाजू कागदावर भक्कम आहे. दर आठवड्याला डिप केलं की दरम्यान अंड्यांतून निघालेले किडे पुढची अंडी घालायच्या आत सापडतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोष प्लगवर चिकटून आलेले असू शकतात, त्यांच्यावर डिपचा काही परिणाम होत नाही. त्यासाठी मासे नसलेली टाकी आणि वेळ हाच उपाय. हौशी मंडळी 76 दिवस धरतात. म्हणजे चार-सहा आठवडे कोरलाच्या किड्यांना पुरतात, माशांच्या रोगाला पुरत नाहीत. महागाचा टँग मासा पाळलेल्यानं हा हिशेब आधीच करावा.

पण मे महिन्यात परभणीत किंवा बीडमध्ये चाळीस लिटरची टाकी चालवून बघा. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं, दमट मुंबईत एवढा फायदा मिळत नाही. मात्र जेवढं थंड होतं तेवढंच पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. चाळीस लिटरमधलं दोन लिटर पाणी उडालं की 35 ची क्षारता 37 च्या जवळ जाते. तीनशे लिटरच्या टाकीत तेच दोन लिटर कळतही नाहीत. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि आरओच्या पाण्याची भर आली. लाइट गेली की छोटी टाकी आधी तापते, म्हणून इन्व्हर्टरवर दुसरा पंप आणि पंखाही घ्यावा लागतो. बोअरचं जड पाणी आरओतून काढताना निम्म्याहून जास्त वाया जातं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्या घरात दुसऱ्या टाकीचा विषय काढताना जरा जपूनच काढावा लागतो. नीट न सांभाळलेल्या क्वारंटाइन टाकीत किड्यांपेक्षा पाण्यानंच जास्त कोरलं मरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्गही आहे आणि तो लोक विचारातच घेत नाहीत: दुकानदाराला थोडे पैसे आगाऊ देऊन कोरल पंधरा दिवस त्याच्याकडेच ठेवायचं. प्रवासानं जे मरायचं ते तिथं मरतं, उरलेलं तुम्ही उघडलेलं, खुललेलं बघून घेता. तोटा एवढाच की त्याच्या टाक्यांचं पाणी एकमेकांत फिरत असतं, म्हणजे बाकीच्या मालाचे किडेही यात येऊ शकतात. प्रवासातल्या मरतुकीवर हा उपाय चालतो, किडींवर नाही. घरी आल्यावर डिप आणि प्लग बदलणं चुकत नाही.

मग कुणी काय करावं? टाकी नवी असली तरी मुरलेली असेल, आत गमावण्यासारखं फार नसेल आणि पहिलीच मशरूम-लेदर येत असतील, तर बिनधास्त थेट टाका. टाकीत झोआची जुनी वाढलेली वसाहत असेल आणि नवे झोआच येत असतील, तर क्वारंटाइन टाळू नका. एकाच जातीचं कोरल खाणारा किडा आत शिरला तर सगळी वसाहत साफ करतो. त्यातही ऑर्डर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच द्या. परभणीकडे थंडीत पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा पार्सल पहाटे स्टँडवर पडून राहणार नाही एवढं बघा. एप्रिल-मे मध्ये मागवूच नका, दुकानदार कितीही सूट देऊ दे. क्वारंटाइनसाठी साधी काचेची टाकी, हीटर, छोटा पंप, मुख्य टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या खालच्या टाकीत) आधीपासून ठेवलेला स्पंज आणि बेताचा लाइट पुरतो. वाळू-दगड नको, तळ उघडा असला की पडलेला किडा दिसतो.

कुठल्याही मार्गानं आणलं तरी मुख्य टाकीत पहिली जागा खाली, सावलीच्या बाजूला. प्रवासात अंधारात राहिलेल्या कोरलाला एकदम भर लाइटखाली ठेवलं की आतलं शैवाल बाहेर पडून ते पांढरं पडतं. दोन-तीन आठवड्यांत एकेक पायरी वर न्या. लेदर आठवडाभर मिटून बसलं, अंगावर मेणासारखी साय धरली तर घाबरू नका, ते कात टाकतंय. पंपाचा प्रवाह तिकडे थोडा वळवा म्हणजे साय निघून जाईल. बुडाशी काळं पडून मऊ झालं आणि कुजका वास आला, तर मात्र त्याच घडीला बाहेर काढा.