112 ची गाडी सोलापुरात : चांगली हाय, पण गाड्यांची वाटणी बघा ओ (पाचपैकी साडेतीन स्टार)

दोनदा 112, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर, लावायची वेळ आली म्हणून लिहितोय, नुसतं ऐकीव नाही.

पहिल्यांदा पावसाळ्यात. शेजारच्या आजी एकट्या राहतात, रात्री दीडला कोणीतरी त्यांचं दार जोरजोरात वाजवायलेलं, आजींचा मला फोन आला तर आवाजच फुटत नव्हता त्यांचा. मी गच्चीवरनं 112 लावला. हा फोन सोलापुरात लागत नाही बरं का, आधी राज्याच्या मुख्य सेंटरला लागतो, नवी मुंबईला नाहीतर नागपूरला, तिथनं आपल्या कंट्रोल रूमला येतो आणि मग जवळच्या गाडीतल्या टॅबवर पत्ता पडतो. मला वाटलं एवढ्या भानगडीत तासभर जाणार, पण दहाव्या मिनिटाला बोलेरो दारात होती. दोघं पोलीस होते, त्यातले एक वयस्कर, दारातूनच म्हणाले "आजी, लाईट लावा, आम्ही आलोय, घाबरू नका". घरामागं बॅटरी मारून बघितलं, जाताना स्वतःचा नंबर देऊन गेले. दुसऱ्या दिवशी पोलीस वेळेवर आले का म्हणून विचारायला फोनपण आला. त्या रात्रीचे पूर्ण पाच स्टार, आजी अजून त्यांचं नाव काढतात.

दुसऱ्यांदा मात्र गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. आमच्या कोपऱ्यावर दोन गाड्यांची धडक झाली आणि मारामारीवर आलं, फोन लगेच उचलला, पण गाडी यायला चाळीस मिनिटं. आलेले हवालदार दमलेले दिसत होते, म्हणाले "दादा, इथली गाडी यात्रेच्या बंदोबस्ताला गेलीय, मी दुसऱ्या हद्दीतनं आलोय". त्या माणसावर माझा काडीचा राग नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदान, तिथं लाखो लोक असतात, बंदोबस्त पाहिजेच. पण गड्डा काय अचानक येतो का? दर संक्रांतीला येतो, तारीख वर्षभर आधी माहीत असते, मग तेवढ्या दिवसांपुरत्या बाहेरनं जादा गाड्या मागवा, कडेच्या वस्त्यांची रोजची गाडी काढून नेऊ नका एवढंच म्हणणं हाय.

खरी अडचण वाटणीत हाय असं माझं मत. शहरात पोलीस ठाणी सात, फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी, जोडभावी पेठ. आता फौजदार चावडीची हद्द म्हणजे दाट पेठा, गल्ल्या, तिथं चारचाकीपेक्षा बीट मार्शलची, म्हणजे गस्तीच्या पोलिसाची, बाईकच लवकर पोचते. उलट विजापूर नाक्याकडं जुळे सोलापूर केवढं पसरलंय बघा, एका टोकापासनं दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे किती किलोमीटर पडतात. ठाण्याला इतक्या गाड्या असं सरसकट धरलं तर लांबच्या वस्त्या मागं राहणार. रात्री किती कॉल येतात, कुठनं येतात, पोचायला किती वेळ लागला हे सगळं त्या टॅबमध्ये नोंद होतंय ना, त्यावरनंच गाड्या ठरवा की. आणि दर वर्षी परत बघा, कारण वस्ती हलते. कुंभारीला रे नगरची 15 हजार घरं 19 जानेवारी 2024 ला दिली, विडी कामगार, यंत्रमाग कामगारांची घरं ती, एकदम गावच उभं राहिलं शहराबाहेर, कामावरनं रात्री परतणाऱ्या बायकांसाठी तिथं गाडी फिरायलाच पाहिजे.

पैशाचं पण सांगतो. 112 ची यंत्रणा देशभर उभी राहिली त्याला केंद्राच्या निर्भया फंडाचा पैसा हाय, तो फंड 2013 चा. त्याशिवाय राज्याचं गृह खातं गाड्या घेतं, जिल्हा नियोजन समितीतनंपण पोलिसांना गाड्या मिळतात, पालकमंत्री चावी देतात, आनंद वाटतो बघून. पण गाडी एकदाच घ्यावी लागते, डिझेल, टायर, सर्व्हिसिंग रोजचं हाय आणि ड्रायव्हर तर तीन पाळ्यांचे वेगवेगळे लागतात. ड्रायव्हर नसला तर नवी कोरी बोलेरो ठाण्याच्या आवारात उभीच राहणार. त्यात 1 एप्रिल 2023 पासनं 15 वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढं चालू ठेवता येत नाही, म्हणजे जुन्या जाणार ते पक्कं, म्हणून नव्या आल्या की आधी विचारा, या जादा आल्यात का गेलेल्यांच्या जागी आल्यात.

दीड स्टार कापला तो या वाटणीसाठी. गाडीतल्या माणसांसाठी एकही कापला नाही.

आणि हो, फोन लावताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, सेंटरवरच्या माणसाला आधी "सोलापूर शहर" सांगा, मग जवळचं देऊळ, शाळा किंवा पाण्याची टाकी सांगा, कारण हद्दवाढ भागात एकाच नावाची नगरं दोन-दोन हायत आणि गाडी चुकीच्या नगरात जाऊन उभी राहते. आजींच्या वेळी मी टाकी सांगितली होती म्हणूनच ते सरळ दारात आले.