सही माझीच होती

जानेवारी २०२५ मध्ये आरटीईचे, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचे, फॉर्म सुटले. पोरीला पहिलीत टाकायचं होतं. आम्ही खुल्या प्रवर्गातले, म्हणजे अर्ज दुर्बल घटकातूनच करावा लागणार, आणि त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत पाहिजे. मी मानेवाड्याकडे एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. महिन्याला बावीस हजार, वर्षाला दोन लाख चौसष्ट हजार. बसत नव्हतो, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

दलाल भेटला एका सरकारी कचेरीबाहेर, पोह्याच्या ठेल्यावर. पहिलाच प्रश्न, "पगार बँकेत येते की हातात?" हातात, म्हटलं. "मग कोणाले काय समजते जी? शहाण्णव हजार टाकून देतो." उत्पन्नाच्या दाखल्याचं काम आठ हजारांत ठरलं, पाच आधी. पोह्यांत तर्री कालवत तो इतका सहज बोलत होता, की वाटलं अख्खं नागपूर हेच करत असेल, मीच एकटा बावळट. खरं तर आदल्याच वर्षी आरटीईच्या खोट्या कागदांवरून नागपुरातल्या पालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. ते लोक वेगळे, असं समजून पान उलटलं होतं.

सह्या त्याच्या गाडीच्या सीटवर झाल्या. रकाने कोरे, खाली पेन्सिलची फुली. "इथं. अन् इथं." स्वयंघोषणापत्र होतं ते. आता त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, म्हणून त्यातलं वाक्य पाठ झालंय : माहिती खोटी आढळल्यास माझ्यावर खटला भरला जाईल व मी शिक्षेस पात्र राहीन, याची मला संपूर्ण जाणीव आहे. पूर्वी अशा कामाला स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, तेव्हा माणूस जरा तरी दचकायचा. साध्या कागदाची भीतीच वाटत नाही.

चौथ्या दिवशी दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सोडतीत नंबर लागला, शेजारी पेढे वाटले, मोठ्या शाळेचा गणवेशही बघून आलो. मग कागदपत्रांची पडताळणी. टेबलावरच्या मॅडमनी दाखल्यावरचा बारकोड नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला, थांबल्या, पुन्हा टाकला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे तुमचं नाव आहे का?" भलत्याच तालुक्यातल्या भलत्याच माणसाचा दाखला होता. त्याच्या नंबरावर माझं नाव चिकटवलेलं.

माझा समज होता की दाखला खरा असेल, आकडा तेवढा खोटा. या पठ्ठ्याने दाखलाच खोटा दिला. खोटेपणासाठी आठ हजार मोजले आणि त्यातही फसलो!

प्रवेश रद्द. त्याचा फोन बंद. मी तावातावाने पोलीस ठाण्यात गेलो, फिर्याद द्यायला. हवालदारांनी शांतपणे विचारलं, अर्ज कोणाच्या नावाने? फायदा कोणाला होणार होता? सही कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला मला खुर्चीवरून उठावंसं वाटलं.

सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांनी माझी सगळी रडगाथा ऐकून एवढंच विचारलं, "शहाण्णव हजार खोटं आहे, हे सही करताना माहीत होतं का?" कायदा या 'माहीत होतं'वरच उभा आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. माझ्या फॉर्मवर जुन्या दंड संहितेचं नाव छापलेलं होतं, पण त्याने सुटका होत नाही. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देऊन त्याच्याकडून चुकीचं काम करून घेणं, कलम २१७ : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागद माहीत असून खरा म्हणून वापरला तर कलम ३४० लागतं, आणि शिक्षा तो बनवणाऱ्याइतकीच होते. फसवणुकीसाठी बनावटीकरण असेल तर सात वर्षांपर्यंत. दाखलाच बनावट आहे हे मला माहीत नव्हतं, हा बचाव आहे म्हणाले. पण आकड्याबाबत बचाव नाही. दलालाने फसवलं हा त्याचा वेगळा गुन्हा, त्याने माझा धुतला जात नाही.

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला आधी कोणी सांगायला हवी होती. हातात आलेल्या दाखल्याचा बारकोड नंबर आपले सरकार पोर्टलवर स्वतःच टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. कोऱ्या रकान्यांखाली सही मागणारा भेटला तर तिथूनच उठा, पोहे अर्धे राहिले तरी.

जबाब झालाय. अटकपूर्व जामीन मिळालाय. त्याचा खर्च सांगत नाही, बायकोही वाचते हे. पोरगी घराजवळच्या शाळेत जाते. तिथल्या फॉर्मवरही उत्पन्नाचा रकाना होता. आकडा लिहिताना हात थांबला, मग दोन लाख चौसष्ट हजार लिहिलं. बाईंनी बघितलंही नाही, म्हणाल्या, फोटो दोन लागतील.