‘दुर्मीळ कॅन्सर’ सांगून दीड लाख घेतले, बायोप्सीचा ब्लॉकही नेला

आधी भाकरीचा घास अडकतो, मग भात, मग पेजही उतरत नाही. दुर्बीण होते, अन्ननलिकेतून तुकडे घेतले जातात आणि रिपोर्ट येतो: ‘पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्सी, आयएचसी (पेशींवर अँटिबॉडी लावून करायची तपासणी) करून घ्यावी.’ कॅन्सर आहे हे नक्की, पण कुठल्या जातीचा हे नुसत्या नेहमीच्या रंगकामावरून ठरत नाही, एवढाच याचा अर्थ. दलाल नेमके इथेच गाठतात.

एका कुटुंबाला रुग्णालयाबाहेर असाच एक ‘कोऑर्डिनेटर’ भेटला. दुर्मीळ प्रकार आहे, तपासणी भारतात होत नाही, ब्लॉक (बायोप्सीचे तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा) परदेशी पाठवावा लागेल, असे सांगून त्याने दीड लाख रुपये यूपीआयवर घेतले आणि ब्लॉक नेला. तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली: ‘स्मॉल सेल कार्सिनोमा, केआय-६७: ८ टक्के’. सोबत आयात औषधाचे कोटेशन.

तो एक आकडाच रिपोर्ट बनावट असल्याचे सांगतो. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत याचे माप. स्मॉल सेल ज्या गटात मोडतो तो न्यूरोएन्डोक्राइन कार्सिनोमा म्हणायलाच हा आकडा २० टक्क्यांच्या वर लागतो आणि स्मॉल सेलमध्ये बहुधा ५० च्याही बराच पुढे असतो. शिवाय हा गट ओळखायचे मार्कर, म्हणजे सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, यांचा निकाल कुठेच नव्हता. ब्लॉक क्रमांक नाही, पॅथॉलॉजिस्टचा नोंदणी क्रमांक नाही. लेटरहेड मात्र झकास!

आयएचसी ही काही परदेशी जादू नाही. मेणाच्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनचे काप काढून त्यांवर एकेक अँटिबॉडी लावतात. पी४० आणि सीके५/६ पॉझिटिव्ह आले तर अन्ननलिकेचा नेहमीचा स्क्वॅमस कॅन्सर. एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए आले तर मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर. त्यात काळा रंग नसेल तर नेहमीच्या रंगकामात तो साध्या कार्सिनोमासारखाच दिसतो. सीडी११७ आणि डॉग-१ आले तर जिस्ट, म्हणजे पचननलिकेच्या भिंतीतली गाठ. यातला प्रत्येक मार्कर मुंबई-पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये होतो आणि बिल मार्करनिहाय मागता येते. ‘पॅकेज’ एवढेच लिहिलेले बिल घेऊ नका.

आयात औषधाचेही तेच. अन्ननलिकेच्या स्मॉल सेलमध्ये उपचाराचा कणा म्हणजे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड. तिन्ही जुनी, जेनेरिक मिळणारी औषधे. प्रकार दुर्मीळ म्हणून औषध महागच असणार, हे गणित दलालाचे. हा आजार झपाट्याने वाढतो. त्यात तीन आठवडे वाया जाणे पैशापेक्षा भारी पडते.

पैशापेक्षा मोठे नुकसान ब्लॉकचे. दुर्बिणीतून आलेले तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे असतात. ब्लॉक गेला की पुन्हा दुर्बीण, आणि तोवर नळी इतकी आवळलेली असू शकते की स्कोप पुढे सरकत नाही. म्हणून ब्लॉक स्वतः पावती देऊन घ्या, क्रमांकासह फोटो काढा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये नोंदणी करतानाही बाहेरच्या बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक मागतात. कुठे पाठवायचेच असेल तर मूळ लॅबकडून १०-१५ न रंगवलेले काप ‘चार्ज्ड’ (काप घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर कापून घ्या. साध्या काचेवरचे काप आयएचसीच्या उकळीत सुटून वाहून जातात. मूळ लॅबकडे पहिल्या तपासणीच्या स्लाइड बहुधा असतात, ब्लॉक हरवला तर आधी तिथे विचारा.

पुन्हा बायोप्सी करावी लागलीच तर सहा ते आठ तुकडे, तेही व्रणाच्या कडेचे. मधल्या पांढऱ्या सडक्या भागात नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात. ते १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्यांच्या किमान दहापट द्रावणात. सलाइनमध्ये टाकून पाठवलेला तुकडा वाटेतच खराब होऊ लागतो. गाठ आवरणाखाली असेल तर साध्या बायोप्सीत फक्त वरचे निरोगी आवरण येते. अशा वेळी एन्डोस्कोपिक सोनोग्राफी करून, गरज असल्यास सुईने नमुना घेतात. ‘रक्तातूनच प्रकार सांगतो’ म्हणत सीईए ही रक्ततपासणी विकणारे वेगळेच; त्या आकड्यावरून जात ठरत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर व्यवहार क्रमांक घेऊन त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि तक्रारीत रकमेच्या जोडीला ब्लॉकचा क्रमांकही लिहून घ्या.