पेडलला ९ व्होल्ट की १८?

गिटार आणि अँपच्या मधे जोडून आवाज बदलणाऱ्या ज्या पेडलवर कंपनीनेच ‘९ ते १८ व्होल्ट’ सांगितलंय, हा प्रश्न फक्त तिथेच येतो. माझ्याकडे तसं एक फुलटोन कंपनीचं ओसीडी आहे, म्हणजे गिटारचा आवाज थोडा फाडून जाड करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल. वर्षभर ते ९ वर वाजवलं, मग दीड वर्ष १८ वर, आणि गेली तीन वर्षं पुन्हा ९ वर. नवा पॉवर सप्लाय घेताना १८ ची सोय असलेला घ्यावा का, या विचारात असाल तर माझा अनुभव ऐका.

आधी आवाज. १८ वर पहिल्यांदा लावलं त्या दिवशी मी हरखून गेलो होतो. खुला ई मेजर जोरात मारला तरी सहाच्या सहा तारा सुट्या ऐकू येत होत्या, खालची जाड तार फाटत नव्हती. ९ व्होल्टवर आतल्या ऑप-अँपला, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला, सिग्नल खालीवर करायला साधारण सहा-सात व्होल्टांचीच जागा मिळते, १८ वर ती दुपटीच्या वर जाते. त्यामुळे पिकचा घाव जसाच्या तसा बाहेर येतो. ९ वर तोच घाव किंचित दबतो, त्याच्या कडा गोल होतात.

पण पारखताना एक काळजी घ्या. १८ वर पेडलचा आवाजही मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. मी व्हॉल्यूम कमी करून दोन्ही सारखे केले आणि पुन्हा ऐकलं, तेव्हा फरक निम्माच उरला. तो निम्मा फरक खरा आहे, नाही असं नाही. घरी एकट्याने वाजवताना मला आजही १८ आवडतं. बँडमध्ये मात्र ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की तोच मोकळा आवाज टोचायला लागायचा, गायकाच्या अंगावर जायचा. ९ चा दबलेला आवाज आपसूक मागे बसतो. हे अर्थात माझ्या हाताचं आणि माझ्या अँपचं झालं. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला कदाचित उलट वाटेल.

सगळ्याच ओव्हरड्राइव्हमध्ये एवढा फरक पडतही नाही. ट्यूब स्क्रीमरच्या जातीच्या पेडलमध्ये सिग्नल कुठे कापायचा ते आतले डायोड ठरवतात, म्हणून व्होल्ट वाढवून फारसं काही हाती लागत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझचं (आवाज आणखी खरखरीत फाडणारं पेडल) तर उलटंच: तिथे अर्धा उतरलेला सेल गोड वाजतो, त्यासाठी काही सप्लायवर व्होल्ट कमी करायचं बटणही देतात.

आवाजाचं एवढंच असतं तर मी आजही दोन्ही ठेवले असते. मला नडला तो प्लग. ९ चा आणि १८ चा प्लग हुबेहूब सारखा. तोच २.१ मिलिमीटरचा, तोच मध्यभागी निगेटिव्ह, तीच काळी वायर. माझ्या सप्लायवर १८ चं वेगळं आउटलेट नव्हतं. ९ ची दोन आउटलेटं जोडून १८ करणारी वाय-केबल मी वापरायचो (ही फक्त आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक आउटलेट एकमेकांपासून वेगळं असलेल्या सप्लायवरच चालते), म्हणजे एका पेडलपायी दोन आउटलेटंही अडायची. खूण म्हणून १८ च्या प्लगला लाल टेप गुंडाळली होती.

गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर आमच्या आधीचा कार्यक्रम लांबला. बोर्ड (सगळी पेडलं बसवलेली पाटी) लावायला दहा मिनिटं मिळाली, वर पाऊस, दिवे अजून लागायचे होते. लाल टेप निघून बॅगेच्या तळाशी कुठेतरी चिकटली असणार. मी मोबाइल दातात धरून त्याच्या उजेडात वायरी जोडल्या आणि १८ चा प्लग कोरस या माझ्या दुसऱ्या, ९ च्या पेडलमध्ये गेला. कोरसचा दिवा एकदा नेहमीपेक्षा जास्त उजळला आणि विझला. दुरुस्तीवाल्यांनी नंतर उघडून दाखवलं: आत एमएन३२०७ चिप होती आणि तिची मर्यादाच १० व्होल्टांची. जास्त मिलिअँपिअरचा सप्लाय चालतो, पेडल हवे तेवढेच ओढतं. व्होल्ट मात्र मिळतील तेवढे सोसावे लागतात. ९ च्या कित्येक पेडलमध्ये कपॅसिटरसुद्धा १६ व्होल्टांचेच बसवलेले असतात.

तेव्हापासून माझ्या बोर्डवर सगळं ९ आहे. अंधारात कुठलाही प्लग कुठेही लावला तरी काही जळत नाही, आणि ही निश्चिंती मला त्या निम्म्या फरकापेक्षा मोठी वाटते. मोकळा आवाज हवाच असेल तर क्लॉन या ओव्हरड्राइव्हच्या घराण्यातली पेडलं बघा. ती बाहेरून ९ च घेतात आणि आत चार्ज पंपाने व्होल्ट वाढवतात. त्यांना बाहेरून १८ मात्र कधीच देऊ नका, मूळ क्लॉनमधली मॅक्स१०४४ चिप १०.५ च्या पुढे टिकत नाही.

बोर्डवर दोनच पेडलं असतील, बोर्ड घरातून हलत नसेल, किंवा तुम्ही बेस वाजवत असाल, तर १८ जरूर घ्या. माझी ती वाय-केबल मी आमच्या बेसवाल्या मित्राला देऊन टाकली. त्याच्याकडे एकच पेडल आहे, १८ व्होल्टांचा इक्वलायझर. केबल त्याने मागे झिप-टायने आवळून ठेवली आहे, ती कधी काढतच नाही.