पाळी गेल्यावर हार्मोन: गोळी की जेल?
पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्या ताठर होतात. अंगातून वाफा निघतात म्हणून डॉक्टरांनी तेच हार्मोन सुचवलं, तर निवड गोळी की जेल यातली.

गोळी सोपी. पाण्याबरोबर घेतली, झालं. एलडीएलही ती जास्त उतरवते. पण पोटातून ती आधी यकृतात जाते. तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबीही चढते.

जेल कातडीतून थेट रक्तात उतरतं, म्हणून गुठळीची भीती कमी. कटकट आहेच: मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून घामाघूम येऊन लगेच दंडावर चोळता येत नाही. कातडी कोरडी हवी, जेल सुकेपर्यंत थांबायचं, नातवालाही तिथे चिकटू द्यायचं नाही. तरी वजन किंवा ट्रायग्लिसराइड जास्त असेल, तर माझा कौल जेललाच.

गर्भाशय असेल तर दोन्हींसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतं.

2002 च्या ज्या अमेरिकन चाचणीने हार्मोनमुळे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग वाढतो म्हणून सगळ्यांना घाबरवलं, ती गोळ्यांवरची होती आणि बायकांचं सरासरी वय 63. साठीच्या आत, पाळी जाऊन 10 वर्षं व्हायच्या आधी सुरू केलं तर फायदा-धोक्याचा हिशेब बराच बरा. मात्र निव्वळ हृदय राखायला यातलं काहीच घेऊ नये. हार्ट अटॅक किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, तर सहसा दोन्ही बाद.